भंडाऱ्याचा अभिमान, विज्ञानाचा विवेक
(नळदुर्ग येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आपला खंडोबा वर्षातील काही काळ अणदूरला आणि काही काळ या नळदुर्गात मुक्कामाला असतो. दोन्ही ठिकाणी भक्ताच्या कपाळी भंडारा लागतो. भंडारा म्हणजे हळद. देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत आपले सारे जीवन या एका द्रव्याने पिवळे केले आहे. ‘हळदीने कर्करोग बरा होतो’ असे आज घरोघरी बोलले जाते. त्यातील खरे किती, हे तपासणे हाच आजचा विषय.

वनस्पतीला पळून जाता येत नाही. कीड, बुरशी आणि प्रखर ऊन यांपासून रक्षणासाठी ती स्वतःच काही द्रव्ये निर्माण करते. त्यांतील एका मोठ्या कुळास पॉलिफेनॉल म्हणतात. हळदीतील कर्क्युमिन, चहातील कॅटेचिन, द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेरेट्रॉल, आवळ्या-डाळिंबातील टॅनिन ही सारी त्याच कुळातील. पेशीत सतत धुमसणारा दाह शमवणे आणि बिघडलेल्या पेशीला मरणाची वाट दाखवणे, असे त्यांचे परिणाम प्रयोगशाळेत दिसले आहेत.

या संशोधनात आपण मागे नव्हतो. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुमती भिडे यांनी सहकाऱ्यासह 1992 साली दाखवून दिले की, आहारात हळद दिलेल्या उंदरांना कर्करोगकारक रसायन दिले असता पोटातील गाठी कमी होतात. पुढे 1995 साली जखमेवरील हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि 1997 साली ते रद्द करून घेतले. तो विजय घोषणांनी मिळाला नाही. संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि 1953 सालचा एक भारतीय शोधनिबंध असे लेखी पुरावे मांडले गेले, म्हणून तो मिळाला. अभिमानाला पुराव्याची जोड हवी, हा त्याचा धडा.

तोच निकष आता आपण स्वतःलाही लावू. हळकुंडात कर्क्युमिन शंभरात जेमतेम तीन भाग. तेही आतड्यातून रक्तात फारसे पोहोचत नाही. यकृत त्याची लगेच विल्हेवाट लावते. मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास माणसाच्या रक्तातील त्याची उपलब्धता अनेक पटींनी वाढते, हे बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवले. तथापि, काचेच्या बशीतील पेशी मरणे वेगळे आणि रुग्ण बरा होणे वेगळे. केवळ हळदीने माणसाचा कर्करोग बरा झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. कर्क्युमिनवरील अमेरिकेतील एका ख्यातनाम संशोधकाचे अनेक निबंध तर मागे घ्यावे लागले.

आणखी एक कटू सत्य. सुपारीतही पॉलिफेनॉल विपुल असतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी तंबाखूशिवायही माणसात कर्करोग निर्माण करते, असा निर्वाळा दिला आहे. म्हणजे ‘वनस्पतीजन्य ते निर्धोक’ हे समीकरण खोटे आहे. गुटख्याची पुडी तोंडात धरून रात्री हळदीचे दूध पिणारा तरुण कोणाची फसवणूक करतो?

आता आपल्या धाराशिव जिल्ह्याची गोष्ट ऐका. ती जगाला ठाऊक आहे, आपल्याला मात्र नाही. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास सुरू केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू शोधणारी तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या रोगाने 34 मृत्यू झाले; अशी तपासणी न झालेल्या, आकाराने काहीशा लहान गटात 64. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या तपासणी धोरणांना आधार देणारा हा पुरावा आपल्या गावांतील, शेतात राबणाऱ्या माता-भगिनींनी दिला आहे.

मग हळद सोडायची का? मुळीच नाही. वरण-भाजीतील हळद, हंगामातील आवळा, द्राक्षे, पालेभाज्या, ज्वारीची भाकरी हा आहार शरीराला बळ देतो. तो ताटातच असावा. महागड्या गोळ्यांच्या डब्यात त्याला शोधू नये. ज्याला कर्करोगाचे उपचार सुरू आहेत, त्याने कोणताही अर्क डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. आणि गाठ, न भरणारा तोंडातील व्रण, अवेळी रक्तस्राव दिसला, तर घरगुती उपायांत एकही महिना घालवू नये. रोग पहिल्या टप्प्यावर असताना तो महिनाच सर्वांत मोलाचा असतो.

कार्यकर्त्यांना माझी एकच विनंती आहे. आपण घरोघरी संपर्काला जातोच. पुढच्या वेळी त्या घरातील तिशी ओलांडलेल्या भगिनीची तपासणी झाली का, हे आपल्या भगिनी कार्यकर्त्यांनी विचारावे; झाली नसेल तर तिला सोबत घेऊन जावे. मुलींसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या स्वदेशी लशीला 2022 साली मान्यता मिळाली आहे. तिचीही माहिती द्यावी. भंडारा कपाळी लावून आपण येळकोट करतो. त्या कपाळामागची बुद्धीही जागी ठेवू. मल्हारी मार्तंडाची तीच खरी सेवा ठरेल.