मक्तेदारी, सत्ता आणि दुसरे दार
(मुर्धा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षेपाने)



मेट्रोची कारशेड राई-मुर्ध्यात नको म्हणून इथल्या गावकऱ्यांनी हरकती घेतल्या आणि अखेर ती डोंगरीकडे सरकली. सरकारवर उघडपणे दबाव आणणे हा नागरिकाचा हक्कच आहे. पण बलाढ्य कंपनीविरुद्धचा खटला चालू असताना सरकारनेच हात आखडता घेतला, तर दाद कुणाकडे मागायची?

विंडोजच्या जोरावर नेटस्केप या ब्राउझरची वाट अडवली म्हणून मे 1998 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आणि वीस राज्यांनी मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचले. तोवर राजकारणापासून लांब असलेल्या या कंपनीने मग दोन्ही पक्षांना सढळ हाताने देणग्या दिल्या. जून 2000 मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. वर्षभराने अपिलात तो रद्द झाला, पण मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका एकमताने कायम राहिला. दरम्यान सत्ता बदलली होती. सप्टेंबर 2001 मध्ये बुश सरकारने विभाजनाची मागणीच सोडली आणि नोव्हेंबरात तडजोड केली. हा निव्वळ देणग्यांचा प्रताप होता, असे मी म्हणणार नाही. खटला चालू असताना पत्रकारांशी बोलून जॅक्सन यांनीच आपल्या निकालाची बाजू लंगडी केली होती. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. केंद्राने माघार घेतल्यावरही नऊ राज्ये तडजोडीला राजी झाली नाहीत. मॅसॅच्युसेट्स तर शेवटी एकटे उरले, तरी 2004 पर्यंत लढले.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी अँड्रॉइडच्या जोरावर बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला. हे प्रकरण उभे राहिले ते अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या तिघांच्या तक्रारीवर! मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश रद्द केले. फोनमध्ये आधीच घातलेली गूगलची अ‍ॅप काढू द्यावीत, हा त्यांतलाच एक. तुमच्या खिशातल्या फोनशी त्याचा थेट संबंध आहे.

पण या आयोगाच्या सदस्यांची नेमणूक केंद्र सरकार करते. 2002 च्या स्पर्धा कायद्यातल्या कलम 54 नुसार केंद्र एखाद्या उद्योगवर्गाला सूट देऊ शकते, 55 नुसार धोरणविषयक निर्देश देऊ शकते, आणि 56 नुसार आयोगच बाजूला सारू शकते. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांना कर-दंड लावणाऱ्या देशांना आयातशुल्काचा इशारा दिला. असे वजन दिल्लीवर पडत असताना सगळी भिस्त दिल्लीवर ठेवणे मला धोक्याचे वाटते.

पण दुसरे दारही आहे. त्याच कायद्याच्या कलम 19 नुसार राज्य सरकारही आयोगाकडे प्रकरण धाडू शकते. महाराष्ट्राने ते करावे, हा आग्रह आपण आपल्या आमदारांकडे धरला पाहिजे. आणि आयोगाच्या निर्णयाची झळ बसली, तर कलम 53ब नुसार अपील करण्याचा अधिकार राज्याला आहे, स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे मीरा-भाईंदर महापालिकेलाही आहे, आणि तुम्हा-आम्हालाही आहे.