कोणता गहू पेरायचा? जरा हिशेब मांडून बोलू

(अंधेरीच्या विक्री प्रदर्शनासाठी आलेल्या गटांच्या संध्याकाळच्या बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. मोबाईलवर रेकॉर्ड करून उतरवून घेतलं आहे.)

तायांनो, आज दिवसभर स्टॉलवर उभं राहून सगळ्यांचे पाय दुखतायत, मला माहीत आहे. तरी अर्धा तास द्या, कारण उद्या तुम्ही गावी जाल, दिवाळी होईल, आणि लगेच गव्हाची पेरणी. मग बोलून काही उपयोग नाही.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. मी अंधेरीत वाढले. आमच्या घराखालच्या चक्कीवर आई गहू घेऊन पाठवायची, तेव्हा मला दोनच नावं माहीत होती, लोकवन आणि शरबती. नंतर दुकानांत खपली दिसायला लागला, आणि त्याचा भाव पाहून माझे डोळे फिरले. समाजकार्याची पदवी घेतली, तुमच्याकडे नोकरीला लागले, आणि गेल्या वर्षी ग्रामसंघाच्या बैठकीत उभी राहून सांगितलं, "ताई, खपली पेरा, मुंबईत शंभर रुपये किलोने जातो." तुम्ही विश्वास ठेवलात. दोन गटांनी पेरला.

पुढे काय झालं ते इथल्या निम्म्या जणींना माहीत आहे. आकडे गोल करून सांगते. एकरी दहा क्विंटल निघाला, पण टरफलासकट. खपलीचं टरफल मळणीत निघत नाही, त्याला वेगळं कांडावं लागतं, हे मला पुस्तकात माहीत होतं, पण हिशेबात मी ते धरलंच नव्हतं. कांडून हातात आला सात क्विंटल. कांडायला पाच हजार, पिशव्यांना पाच हजार, टेम्पो आणि इथला खर्च सहा हजार. शंभरच्या भावाने इथे विकला गेला चार क्विंटल. उरलेले तीन क्विंटल पावसाळ्याआधी व्यापाऱ्याला पंचेचाळीसने दिले. म्हणजे चाळीस हजार आणि साडेतेरा हजार, वजा सोळा हजार. साडेसदतीस हजार. यात नांगरट, बियाणं, खत, पाणी धरलेलं नाही. आणि दोन ताया चार दिवस घर सोडून इथे राहिल्या, त्यांची मजुरी तर कुणी लिहिलीच नाही.

शेजारच्या शेतात साधा गहू होता. एकरी वीस क्विंटल, बांधावरून पंचवीसशेच्या भावाने उचलला. पन्नास हजार. ना पिशवी, ना टेम्पो, ना अंधेरी.

त्या दिवसापासून ठरवलं, की दुकानातला भाव पाहून कुणाला काही पेरायला सांगायचं नाही. आधी तीन गोष्टी विचारायच्या. पाणी किती? एकरी हातात किती पडतो? घेणारा कशाचे पैसे देतो? प्रोटीनचं बोलणं त्यानंतर. प्रोटीन म्हणजे प्रथिनं, पण तुम्ही सगळ्या प्रोटीनच म्हणता, मग मीही तेच म्हणते.

आता वाणांकडे येऊ. आपल्याकडे सगळ्यांत ओळखीचा लोकवन. हे नाव कुठून आलं माहीत आहे का? गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसरा गावी लोकभारती नावाची संस्था आहे, तिथे तो तयार झाला. नाव 'लोक-१'. त्या एकचं इंग्रजी 'वन', म्हणून लोकवन. मी लहानपणी समजायचे की वनात उगवतो. (हशा)

दुसरा आहे एमएसीएस ६४७८. हा आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोप गावच्या शेतकऱ्यांनी तो लावला, तेव्हा त्यांना हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उत्पन्न मिळालं. आधी लोकवन, एचडी २१८९ असे जुने वाण लावत तेव्हा २५ ते ३० मिळायचं. आपण एकरात बोलू, हेक्टर म्हणजे अडीच एकर धरा. म्हणजे जुना दहा ते बारा, नवा अठरा ते चोवीस. तयार व्हायला ११० दिवस. प्रोटीन १४ टक्के. जस्त किलोला ४४ मिलिग्रॅम, लोह जवळजवळ ४३.

थांबा, लगेच वहीत वीस क्विंटल लिहू नका. नवीन बियाणं येतं तेव्हा त्याच्याबरोबर नवी काळजीही येते. माणूस वेळेवर पेरतो, खत मोजून देतो, पाणी चुकवत नाही. त्यामुळे वाढलेलं सगळं उत्पन्न बियाण्यामुळेच आलं असं मी म्हणणार नाही. आणि ते पाणी असलेल्या जमिनीचं आहे.

तिसरा, एमएसीएस ४०२८. हाही आघारकरचाच, पण बन्सी जातीचा, म्हणजे रवा, शेवया, कुरडया, लापशी यांचा गहू. १०२ दिवसांत येतो. प्रोटीन १४.७ टक्के, म्हणजे ६४७८ पेक्षाही जास्त. लोह किलोला ४६ मिलिग्रॅम. उत्पन्न मात्र हेक्टरी १९ क्विंटलच्या आसपास, एकरी साधारण आठ. हा कमी पाण्याचा, कोरडवाहू जमिनीचा गहू.

आता फळ्यावर पाहा. भाव सगळ्यांना सारखा, पंचवीसशे धरू. सरकारी हमीभाव २०२५-२६ च्या खरेदी हंगामाला २४२५ होता, २०२६-२७ च्या हंगामाला २५८५ जाहीर झाला, त्याच्या मधला सोपा आकडा. जुना वाण अकरा क्विंटल, साडेसत्तावीस हजार. ६४७८ वीस क्विंटल, पन्नास हजार. ४०२८ आठ क्विंटल, वीस हजार.

आणि एका एकरात प्रोटीन किती पिकतं? जुन्या वाणात साडेअकरा टक्के धरले तर अकरा क्विंटलमध्ये १२६ किलो. ६४७८ मध्ये २८० किलो. आणि टक्केवारीत सगळ्यांत वरचा जो ४०२८, त्याच्यात ११८ किलो. म्हणजे टक्का सगळ्यांत जास्त, पण एकराला मिळणारं प्रोटीन सगळ्यांत कमी. हे मी मुद्दाम काढून दाखवलं, कारण "जास्त प्रोटीनचा गहू" असं कुणी म्हटलं की आपण टक्का ऐकतो आणि पोती मोजायला विसरतो.

४०२८ ला ६४७८ च्या बरोबरीने पन्नास हजार मिळवायचे असतील तर भाव किती लागेल? पन्नास हजार भागिले आठ. सव्वासहा हजार क्विंटल, साडेबासष्ट रुपये किलो. तो देणारा घरबसल्या मिळणार आहे का? नाही.

म्हणजे ४०२८ वाईट का? अजिबात नाही. मागच्या रांगेतल्या काकूंनी मघाशी बरोबर विचारलं, "माझ्या विहिरीला जानेवारीत पाणीच नसतं, मी काय करू?" काकू, तुम्ही त्याची तुलना वीस क्विंटलशी करायचीच नाही. तुमच्या जमिनीत वीस क्विंटल कुठलाच गहू येणार नाही. ज्यांना एक-दोनच पाणी आहे त्यांनी ४०२८, किंवा निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे कोरडवाहूसाठीचे पंचवटी, नेत्रावती हे वाण आपापसांत ताडून पाहायचे. आणि खरं सांगू? त्यात हरभराही मांडा. त्याला पाणी कमी, प्रोटीन गव्हापेक्षा कितीतरी जास्त, वीस टक्क्यांच्या आसपास. गव्हाच्या बैठकीत हरभऱ्याचं सांगतेय म्हणून हसू नका.

एकच पाणी देता येत असेल तर ते पेरणीनंतर चाळीस-बेचाळीस दिवसांनी द्या. दोन असतील तर एकविसाव्या दिवशी आणि साठ-पासष्टाव्या दिवशी. आणि पेरणी पंधरा नोव्हेंबरच्या आत. त्यापुढे जेवढी लांबते तेवढं दर पंधरवड्याला एकरी सुमारे एक क्विंटल जातं, असं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं सांगणं आहे. ऊस तुटायची वाट बघत बसलेल्यांनी हे घरी जाऊन सांगा. एक क्विंटल म्हणजे अडीच हजार रुपये, वाणावरून भांडण्यापेक्षा हे सोपं आहे.

आता प्रोटीनचे पैसे कोण देतं, त्याकडे येते. ऑस्ट्रेलियात शेतकरी गहू घेऊन गेला की तिथेच मशीनवर प्रोटीन मोजतात. जास्त असेल तर वरची प्रत, कमी असेल तर खालची, आणि भाव त्याप्रमाणे. तिथे टक्क्याचे पैसे मिळतात. आपल्या हमीभावात तसं नाही. ओलावा, कचरा, फुटका आणि किडका दाणा, हे बघतात. तुमच्या गव्हात दहा टक्के असो नाहीतर चौदा, भाव तोच. व्यापारी तर हातात दाणा घेतो, रंग बघतो, चावतो, झालं. आणि इथे अंधेरीत गिऱ्हाईक काय बघतं, हे आज तुम्हीच पाहिलंत. "शरबती आहे का? लोकवन आहे का? चपाती मऊ होते का?" दिवसभरात प्रोटीन विचारणारे दोघे आले, तेही जिमवाले.

यावरून दुपारी एका ताईंनी मला हळूच विचारलं, "मॅडम, ६४७८ पिकवला आणि पिशवीवर लोकवन लिहिलं तर?" (मला मॅडम म्हणू नका, ताई म्हणा, तुमच्या लेकीच्या वयाची आहे.) नाही, ताई. ते करायचं नाही. इथल्या सोसायटीतल्या बायका दरवर्षी आपल्याकडे येतात त्या गहू बघून येत नाहीत, आपल्या गटावर विश्वास ठेवून येतात. पिशवीवर खरं नाव लिहू, आणि स्टॉलवर दोन गरम चपात्या ठेवू. चव घेतली की नाव आपोआप लक्षात राहतं. आणि "चौदा टक्के प्रोटीन" हेही असंच छापायचं नाही. तो संस्थेने मोजलेला आकडा आहे. तुमच्या शेतात नत्र कमी पडलं, पाणी मागेपुढे झालं, तर टक्का बदलतो. एकाच शेतात उत्पन्न खूप वाढलं आणि नत्र तेवढंच राहिलं, तर तेच प्रोटीन जास्त दाण्यांत वाटलं जातं, टक्का उतरतो. आकडा छापायचा तर आपल्याच गव्हाची प्रयोगशाळेत तपासणी करून, कागद हातात ठेवून.

मग ज्या प्रोटीनचे बाजारात पैसे नाहीत, ते कशाला बघायचं? कारण सगळा गहू बाजारात जात नाही ना. तुमच्या घरात किती लागतो? पाच माणसांना दिवसाला किलोभर पीठ धरा. वर्षाला साडेतीन-चार क्विंटल. एका माणसाच्या वाट्याला दिवसाला दोनशे ग्रॅम पीठ. साडेअकरा टक्क्यांच्या गव्हात त्यातून २३ ग्रॅम प्रोटीन मिळतं, चौदा टक्क्यांच्या गव्हात २८. पाच ग्रॅमचा फरक, जवळजवळ एका अंड्याइतका. ज्या घरात अंडं येत नाही, किंवा आलं तरी आधी मुलाच्या ताटात जातं आणि आईपर्यंत पोचतच नाही, तिथे हा फरक चपातीतून रोज आईच्या पोटात जातो. आपल्या गटात किती जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं ते मी इथे मोठ्याने सांगत नाही. लोहाचं तर आहेच, फक्त जेवणावर लगेच चहा पिऊ नका, त्याने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि प्रत्येक बैठकीनंतर चहा येतो.

घरचे चार क्विंटल पिकवायला जागा किती लागते? एकरी वीसच्या हिशेबाने आठ गुंठे. कमी पिकला तर पंधरा धरा. एवढ्यासाठी घरात कुणाची परवानगी मागायला भांडावं लागणार नाही.

माझं मत विचाराल तर असं. पाणी असलेल्या गटांनी यंदा सगळी जमीन नव्या वाणाखाली घालू नये. अर्धा एकर ६४७८, शेजारी अर्धा एकर तुमचा नेहमीचा, खत-पाणी दोन्हीला सारखं. मळणी वेगवेगळी, वजन वेगवेगळं. खर्चाची वही कृषी सखीकडे, आणि त्यात बायकांची मजुरी लिहायची, घरची असली तरी. गव्हाचं बियाणं घरचं ठेवता येतं, दुसऱ्या वर्षी विकत घ्यावं लागत नाही, तेव्हा चांगला आला तर एका गटाने बाकीच्यांसाठी बियाणं राखावं. खपली फक्त आधी मागणी लिहून घेतली असेल तेवढाच. आज तीन सोसायट्यांनी नावं दिलीत, सगळं मिळून दीड क्विंटल होतंय. तेवढ्याचाच लावू. आणि कांडायच्या मशीनचा दर पेरणीआधी विचारू.

नाशिककडच्या तायांनी हात वर केलाय, त्यांना बोलू द्या. हो, बरोबर, मळणीनंतरचं काड जनावरांना किती मिळतं तेही वहीत धरायला हवं, बुटक्या वाणाचं कमी निघतं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कृषी सखी, एक रकाना वाढवा.

उद्या टेम्पो सकाळी सहाला गेटवर येईल. रिकाम्या पिशव्या आणि वजनकाटा रात्रीच बांधून ठेवा. आणि गावी पोचलात की प्रत्येक गटाने विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं ते मला फोन करून सांगा, बियाण्याची मागणी त्यावरूनच लिहिणार आहे.