बिटकॉइनची खाण आणि घरचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी पाककृती, बालसंगोपन, आरोग्य असे विषय होतात. यंदा माझ्या वाट्याला हा विषय आला तेव्हा मागच्या रांगेत जरा हशा झाला, तो मी ऐकला बरे का! माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु बचत गटाची वही अकरा वर्षे माझ्या हाती आहे आणि गेल्या वर्षभरात आपल्यापैकी चौघीजणींनी मला एकच गोष्ट विचारली आहे. मुलगा म्हणतो, मायनिंगचे यंत्र घेऊ, घरबसल्या पैसे येतील, देऊ का? यंत्राला पैसे कमी पडले की घरातली नजर कुठे वळते हे आपण सर्वजणी जाणतो. आमच्याकडेही पुतण्याने विषय काढला आणि माझ्या पाटल्यांचे वजन विचारले. मुलगा गुणी आहे, वाईट मार्गाचा नव्हे. म्हणून त्याला एकदम नाही न म्हणता मी म्हटले, "बस, आपण हिशेब मांडू." तोच हिशेब आज आपल्यापुढे ठेवते.

प्रथम ही खाण म्हणजे काय ते सांगते. माती नाही, कुदळ नाही. बिटकॉइन हे संगणकावरचे नाणे. सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी ते जानेवारी २००९ मध्ये सुरू केले. तो माणूस कोण, हे अजून उघड झालेले नाही. या नाण्याच्या देवघेवीची एक वही असते आणि तिची प्रत जगभर हजारो संगणकांवर असते. सुमारे दर दहा मिनिटांनी त्या वहीला नवे पान जोडले जाते. ते पान जोडण्याचा मान कुणाला? तर एक विशिष्ट अंक जो आधी शोधून काढील त्याला. हा अंक बुद्धीने सापडत नाही. यंत्राने नुसते अंदाज करीत राहायचे, सेकंदाला कोट्यवधी. ज्याला सापडला त्याला नवी नाणी बक्षीस मिळतात. म्हणून याला मुले मायनिंग म्हणतात. मला विचाराल तर हे लॉटरीच्या तिकिटाला अधिक जवळचे आहे, आणि तिकिटाचे पैसे विजेच्या बिलातून जातात.

आता नवख्या माणसाचा समज असा असतो, की यंत्र वाढविले तर नाणी वाढतील. एखाद्या पंगतीची कल्पना करा. लाडू ठरलेले आहेत. पंगतीला माणसे कितीही येवोत, एकही लाडू अधिक वळला जात नाही. जो तो आपल्या वाट्याला येईल तेवढा घेतो. बिटकॉइनची रचना अशीच आहे. २०१६ पाने झाली, म्हणजे साधारण दोन आठवडे गेले, की कोड्याची कठिणता आपोआप बदलते. यंत्रे वाढली असतील तर कोडे अवघड होते, आणि पान पुन्हा दहा मिनिटांनाच येते. त्यावर आणखी एक नियम, की सुमारे दर चार वर्षांनी लाडूच निम्मे करायचे. सुरुवातीला एका पानाला ५० नाणी मिळत. २०१२ साली २५ झाली, २०१६ साली साडेबारा, २०२० साली सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. पुढची कपात २०२८ च्या सुमारास आहे. मुले ज्या गोष्टी सांगतात, की अमक्याने घरच्या संगणकावर नाणी काढली आणि तो कोट्यधीश झाला, त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या आहेत. तेव्हा पंगतीला माणसेच नव्हती. २०१३ पासून याच कामापुरती बनविलेली यंत्रे आली आणि घरचा संगणक त्या पंगतीतून उठला.

आता पुतण्यापुढे मांडलेला हिशेब. त्याने अँटमायनर एस-२१ हे यंत्र निवडले होते. किंमत लाखांतली. ते सेकंदाला २०० लाख कोटी अंदाज करते. ऐकून छाती दडपते ना? पण २०२५ च्या उत्तरार्धात जगातली सारी यंत्रे मिळून अशा सुमारे ५० लाख यंत्रांइतके काम करीत होती. म्हणजे आपण ५० लाखांत एक. दिवसाला १४४ पाने होतात. त्या मानाने एकट्याने बसलो तर एक पान सापडायला सरासरी ९५ वर्षे लागावीत. उद्याही सापडेल, नातवाच्या नातवालाही सापडणार नाही. म्हणून लोक एकत्र येऊन पूल करतात आणि ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वाटून घेतात. पूल चालविणारा आपली दलाली कापतो, ती सध्या सोडून देऊ.

दिवसाला १४४ पानांची साधारण ४५० नाणी. त्यांचे ५० लाख वाटे केले तर आपल्या वाट्याला नाण्याचा ०.००००९ इतका तुकडा. भाव नव्वद लाख धरला, तर रोजचे ८१० रुपये. येथवर पुतण्याचा चेहरा खुलला होता. महिन्याचे चोवीस हजार झाले की हो!

मग मी लाईटचे बिल पुढे केले. हे यंत्र साडेतीन हजार वॅटचे. दोन हजार वॅटचे पाणी तापविण्याचे गिझर आपण पंधरा मिनिटे चालू ठेवले तरी "बंद करा" म्हणून ओरडतो. हे जवळजवळ पावणेदोन गिझर, रात्रंदिवस, बाराही महिने. दिवसाला ८४ युनिट. दर दहा रुपये धरला तर ८४० रुपये. वापर वाढला की दर वरच्या टप्प्यात जातो, हे ज्यांनी उन्हाळ्यात एसी लावला त्यांना सांगायला नको. महिन्याचे २,५२० युनिट होतात. आमच्या घराचे एरवी ११० होतात. म्हणजे ८१० रुपये आणायला ८४० रुपये घातले. यंत्राची किंमत, वेगळी वायरिंग, खोलीतला उकाडा, आणि मिक्सर थांबतच नाही असा पंख्यांचा आवाज, यांतले अजून काहीच धरलेले नाही.

त्यावर कर. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, वर उपकर निराळा. त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा करता येते, दुसरा खर्च नाही. खणण्याच्या यंत्रसामग्रीचा खर्च ही खरेदीची किंमत समजली जाणार नाही, असे सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितले. तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वळताही करता येत नाही. म्हणजे ८१० मधून २४३ कराचे गेले, उरले ५६७, आणि बिल ८४०. रोज २७३ रुपये पदरचे. महिन्याला आठ हजारांवर.

"काकू, भाव वाढेल ना!" असे तो म्हणाला. वाढेलही. २०२५ या एका वर्षात एका नाण्याचा भाव सत्तर लाखांच्या खालीही गेला आणि एक कोटीच्या वरही गेला. परंतु भाव वाढेल अशी खात्रीच असेल तर यंत्र कशाला हवे? झेपेल तेवढ्याचे नाणेच विकत घ्यावे, निदान पंखे तरी ऐकावे लागणार नाहीत. तेही घ्या असे मी सांगत नाही. माझा जीव तेवढा घट्ट नाही.

मग हा धंदा करतो कोण? ज्याला वीज जवळजवळ फुकट आहे तो. आपला शेजारी भूतान स्वतःच्या जलविजेवर सरकारी कंपनीमार्फत हे काम करतो. अशांच्या पंगतीत आपण घरगुती मीटर घेऊन बसणार. शिवाय नियम केव्हा फिरतील याचा नेम नाही. चीनमध्ये एकेकाळी जगातले सर्वांत मोठे काम चाले. २०२१ साली तेथील सरकारने ते बंद पाडले. इथेरियम नावाच्या दुसऱ्या नाण्याने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंगची पद्धतच सोडून दिली, आणि त्यासाठी घेतलेली महागडी ग्राफिक्स कार्डे लोकांना मिळेल त्या भावात विकावी लागली.

यापेक्षा वाईट एक प्रकार आहे, आणि तो आपल्या दारापर्यंत येतो. "यंत्र आमचे, वीज आमची, तुम्ही फक्त पैसे गुंतवा." गेनबिटकॉइन या योजनेत दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असे आश्वासन होते. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी त्यांच्याच दुसऱ्या नाण्यात देऊ लागले, ज्याला किंमतच उरली नाही. २०१८ साली पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. नंतर तपास सीबीआयकडे गेला. त्यात आपल्या महाराष्ट्रातली पुष्कळ माणसे होती. वर जो हिशेब मांडला तो पाहून सांगा, दरमहा दहा टक्के कुठून येणार? मोबाईलवर बटण दाबून खाण चालते म्हणतात तेही असेच. तेवढ्याशा फोनात ही ताकद नसते. त्यासाठी आधार कार्डाचा फोटो किंवा "सुरुवातीचे" पाचशे रुपये मागितले, तर सरळ नाही म्हणा.

पुतण्या हिरमुसला होता, पण त्याची हौस खोटी नव्हती. मोनेरो नावाचे एक नाणे साध्या संगणकावरही खणता येते. तो म्हणाला, आठवडाभर शिकण्यापुरते करून पाहतो. मी म्हटले, खुशाल कर, मीटर मात्र रोज मी लिहिणार. त्याची रोजची कमाई चहाच्या एका कपापर्यंतही पोचली नाही, विजेचे वीसेक रुपये गेले. तरी पूल कसा जोडायचा, नाण्याची किल्ली कशी जपायची, हे तो शिकला. ती गुप्त किल्ली हरवली की नाणी कायमची गेली, बँकेसारखे दाद मागायला कुणी नाही, हे त्यानेच मला समजावले. सध्या तो एका दुकानात संगणक दुरुस्त करतो आणि संध्याकाळी शिकतो. पाटल्या हातात आहेत.

हिशेबाचा कोरा कागद मी करून ठेवला आहे: यंत्राचे वॅट, घरचा दर, दिवसाचा वाटा, कर. ज्यांच्या घरी हा विषय निघाला असेल त्यांनी मंगळवारी दुपारी तीनला लाईटचे मागचे बिल आणि मुलाला घेऊन मंडळाच्या खोलीत यावे. चष्मा आणि पेन्सिल माझ्याकडे आहे.