इंग्रजी शिकणाऱ्यांच्या शंका

इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी शिक्षकापुढे ज्या शंका घेऊन येतो, त्या वरवर पाहता अगदी किरकोळ वाटतात. अमुक नामापूर्वी 'द' का घालावयाचा आणि तमुक नामापूर्वी तो का गाळावयाचा? 'सिन्स' आणि 'फॉर' यांत भेद कोणता? 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' या वाक्यात बिघडले काय? शिक्षक बहुधा नियम सांगतो, विद्यार्थी तो पाठ करतो, आणि पुढल्याच निबंधात तीच चूक पुन्हा अवतरते. मग शिक्षक विद्यार्थ्याला निष्काळजी ठरवितो आणि विद्यार्थी स्वतःला मंदबुद्धी समजू लागतो. आपल्या विषयात निष्णात असलेली कितीतरी माणसे मुलाखतीत किंवा सभेत इंग्रजी बोलण्याचा प्रसंग आला की मूग गिळून बसतात, त्याचे मूळ या समजुतीत आहे.

वस्तुतः ही समजूत निराधार आहे. यांपैकी बहुसंख्य चुका अज्ञानातून होत नाहीत. एका भाषेची शिस्त दुसऱ्या भाषेत नेल्यामुळे होतात. चूक करणारा मनुष्य मनात मराठी वाक्य अगदी शुद्ध रचीत असतो. त्यावर शब्द तेवढे इंग्रजी चढविलेले असतात. म्हणूनच नियम पाठ करण्यापूर्वी आपली भाषा तेथे काय करते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

प्रथम 'अ' आणि 'द' या उपपदांचा प्रश्न घ्यावा. 'काल पुस्तक विकत घेतले. पुस्तक फार चांगले निघाले.' या दोन मराठी वाक्यांत 'पुस्तक' हा शब्द जसाच्या तसा दोनदा आला आहे. पहिल्या वेळी ते ऐकणाराला अपरिचित होते आणि दुसऱ्या वेळी परिचित झाले, हे मराठी श्रोता संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीला मात्र ही गोष्ट प्रत्येक वेळी उच्चारून दाखवावी लागते. पहिल्या वाक्यात 'अ बुक' आणि दुसऱ्यात 'द बुक'. अर्थात 'कोणते ते ऐकणाराला ठाऊक आहे काय?' हा एक प्रश्न प्रत्येक नामापाशी मनाला विचारला, तर निम्म्याहून अधिक ठिकाणी उत्तर आपोआप मिळते. सूर्य एकच असल्यामुळे त्याचा परिचय करून द्यावा लागत नाही. म्हणून तो प्रथमपासूनच 'द सन'. 'अ' की 'ॲन' हा निर्णय अक्षर पाहून न करता उच्चार ऐकून करावयाचा असतो. म्हणूनच 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. मुळात 'ॲन' हेच जुने रूप असून त्याचा अर्थ 'एक' असा होता. व्यंजनापूर्वी त्यातील 'न' गळून 'अ' उरला. या 'न'ची वाटणी करताना खुद्द इंग्रजांचाही घोटाळा झालेला आहे. आजचा 'ॲप्रन' हा शब्द पूर्वी 'नॅप्रन' असा होता. 'अ नॅप्रन' हे 'ॲन ॲप्रन' असे ऐकले जाऊन शब्दाचा पहिला वर्ण उपपदाने पळविला.

महाराष्ट्राच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांना या बाबतीत शेजारच्या भाषेचीही मदत होत नाही. इंदूर-ग्वाल्हेरची हिंदी, बडोद्याची गुजराती, बेळगावची कानडी आणि हैदराबादची तेलुगू या भाषांतही 'द'सारखे उपपद नाही. अपवाद गोव्याच्या जुन्या पिढीचा. १९६१ पूर्वी ज्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले, त्यांना उपपदाची कल्पना बालपणीच अंगवळणी पडली. परंतु पोर्तुगीज भाषा 'माझे पुस्तक' म्हणतानाही उपपद लावते, 'जीवन' यासारख्या भाववाचक नामालाही लावते, आणि पुष्कळदा माणसाच्या नावापूर्वीही लावते. त्यामुळे इतरांच्या इंग्रजीत उपपदाचा दुष्काळ, तर या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत त्याचा सुकाळ होण्याची भीती असते. ज्या भाषेतून मनुष्य निघतो, तिच्याप्रमाणे त्याच्या चुकांची दिशा बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

दुसरा प्रश्न काळांचा. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' असे दोन्ही प्रयोग चालतात. पहिल्यात आरंभाचा क्षण सांगितला आहे, दुसऱ्यात मधल्या अवधीची लांबी सांगितली आहे. परंतु 'पासून' हे एकच अव्यय दोन्ही कामे करते. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत. क्षणासाठी 'सिन्स', लांबीसाठी 'फॉर'. शिवाय 'तो येथे दहा वर्षांपासून राहतो' असे वर्तमानकाळात म्हणणे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत तेथे 'लिव्ह्ज' चालत नाही. 'हॅज लिव्ड' किंवा 'हॅज बीन लिव्हिंग' म्हणावे लागते, कारण भूतकाळात सुरू होऊन आजला येऊन भिडणाऱ्या क्रियेसाठी त्या भाषेत वेगळे रूप राखून ठेवलेले आहे. याच रूपाचा दुसरा सापळा असा : 'हे नाटक मी १९६० साली पाहिले आहे' हे मराठी वाक्य कोणाच्याही कानाला खटकणार नाही. इंग्रजीत मात्र सालाचा किंवा 'काल' या शब्दाचा उल्लेख आला की 'हॅव सीन' बाद होते आणि 'सॉ' हे साधे भूतकाळी रूपच वापरावे लागते.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही चूकही अशीच समजून घेता येते. 'मला दोन भाऊ आहेत', 'मला हे माहीत आहे' या वाक्यांतील 'आहे' विद्यार्थ्याच्या मनातून 'ॲम' ओढून आणतो, आणि त्यापुढे 'हॅविंग' किंवा 'नोइंग' आपसूक येऊन बसते. इंग्रजीतील 'इंग' हा प्रत्यय चालू असलेल्या, आरंभ आणि शेवट असलेल्या क्रियेचा सूचक आहे. भाऊ असणे, ठाऊक असणे या क्रिया चालू असत नाहीत. त्या अवस्था आहेत. पण 'ही इज हॅविंग हिज डिनर' हे वाक्य शुद्ध आहे, कारण तेथे 'हॅव' म्हणजे जवळ असणे नव्हे, तर जेवणे.

शब्दयोगी अव्ययांचा प्रदेश सर्वांत निसरडा. मराठीत एखाद्या प्रश्नाविषयी चर्चा होते; म्हणून विद्यार्थी 'डिस्कस'नंतर 'अबाउट' घालतो, वस्तुतः 'डिस्कस'ला कशाचीही जोड लागत नाही. मराठीत लग्न एखाद्या व्यक्तीशी होते, म्हणून 'मॅरिड विथ' लिहिले जाते. इंग्रजीत तेथे 'टू' येतो. पक्षी मराठीत झाडावर बसतो, इंग्रजीत 'इन अ ट्री'. येथे तर्कशास्त्राचा आधार शोधू नये. कोणत्या भाषेने अवकाशाची कोणती कल्पना पसंत केली, एवढाच तो भेद आहे. अशा ठिकाणी सुटा शब्द पाठ न करता त्याचा सोबती धरून जोडीच पाठ करावी.

क्रियापदांच्या निवडीत तर दोन भाषा कधीकधी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात. मराठी विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि परीक्षक ती 'घेतो'. इंग्रजीत परीक्षा 'टेक' करणारा विद्यार्थी असतो. 'आय गेव्ह द एक्झॅमिनेशन' असे म्हणणाऱ्या तरुणाला परीक्षकाचे आसन मिळते, याची त्याला कल्पनाही नसते. 'उसने' हा शब्द मराठीत देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकच. इंग्रजीत घेणारा 'बॉरो' करतो आणि देणारा 'लेंड'. 'सल्ला' आणि 'बातमी' मराठीत मोजता येतात, 'ॲडव्हाइस' आणि 'न्यूज' मोजता येत नाहीत. 'तो मला म्हणाला' यावरून 'ही सेड मी' तयार होते. 'सेड'ला ऐकणारा थेट जोडता येत नाही, तो 'टोल्ड'ला जोडता येतो.

आतापर्यंतच्या चुकांनी फार तर गुण कमी होतात. परंतु दोन चुका अशा आहेत की त्यांनी अर्थाचा अनर्थ होतो, आणि त्यांच्याकडे शाळेत पुरेसे लक्ष दिले जात नाही.

पहिली चूक नकारार्थी प्रश्नाच्या उत्तराची. परदेशातील रुग्णालयात एखाद्या मराठी आजीबाईंना डॉक्टर विचारतात, 'डिडन्ट यू टेक द मेडिसिन?' आजीबाईंनी औषध घेतलेले नाही. 'घेतले नाही ना?' या प्रश्नाला मराठीत 'हो, नाही घेतले' असे उत्तर देण्याची रीत आहे. त्यातील 'हो' म्हणजे 'तुमचे म्हणणे खरे'. त्या सवयीने आजीबाई 'येस' म्हणतात. इंग्रजी 'येस'चा विचारणाऱ्याच्या म्हणण्याशी संबंध नसतो. प्रत्यक्षात क्रिया घडली असेल तर 'येस' आणि घडली नसेल तर 'नो'. डॉक्टर समजतात, औषध पोटात गेले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात किंवा विमानतळावरील तपासणीतही हाच घोटाळा होऊ शकतो. यावर खात्रीचा उपाय एकच : 'येस' किंवा 'नो' यांवर न थांबता पुढचे चार शब्दही उच्चारावेत. 'नो, आय डिड नॉट' असे पूर्ण वाक्य बोलणाराची फसगत होत नाही.

दुसरी चूक निरोप सांगण्याची. 'राम म्हणाला की मी उद्या येणार नाही' या मराठी वाक्यातील 'मी' म्हणजे राम, हे लहान मूलही जाणते. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत गेले की 'राम सेड दॅट आय विल नॉट कम टुमॉरो' असे होते, आणि येणार नाही तो राम नव्हे, तर निरोप सांगणारा! 'दॅट' आला की वक्त्याचे शब्द तसेच न ठेवता 'मी'चा 'तो' आणि 'विल'चा 'वुड' करावा लागतो. शाळेतील प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथनाचा कंटाळवाणा धडा खरोखर या एका अडचणीसाठी आहे, हे विद्यार्थ्याला सांगितले, तर तो धडा त्याला कंटाळवाणा वाटणार नाही.

याच्या उलट, काही शंकांचे उत्तर एवढेच असते की विद्यार्थ्याची भाषा तेथे अधिक समृद्ध आहे. 'चुलत भाऊ', 'मामेभाऊ', 'आतेभाऊ' आणि 'मावसभाऊ' ही चारही नाती इंग्रजीने 'कझिन' या एका शब्दात कोंबली आहेत. त्यात भाऊ की बहीण हेही कळत नाही. म्हणूनच मराठी मनुष्य 'कझिन ब्रदर' म्हणतो. इंग्रजीच्या दृष्टीने तो शब्द अधिक आहे; मराठीच्या दृष्टीने त्याशिवाय नातेच उभे राहत नाही. 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद, म्हणजे ऐकणारा आपल्यात आहे की नाही ही खूण, 'वी' या शब्दात नाही. 'तू' आणि 'तुम्ही' यांसारखा भेद इंग्रजीत एके काळी 'दाउ' आणि 'यू' यांच्या रूपाने होता. तोही प्रमाण भाषेतून गेला.

राहिला प्रश्न अधिकाराचा. शुद्ध काय ते ठरवावयाचे कोणी? फ्रेंचांनी १६३५ साली अकादमी स्थापन केली. इंग्रजीला तशी अकादमी कधीच लाभली नाही. जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात 'शॅल' आणि 'विल' यांची पुरुषानुसार वाटणी सांगितली. ती भारतातील शाळांतून पिढ्यान् पिढ्या घोकली गेली. नित्याच्या व्यवहारात आज 'विल'च सर्वत्र चालतो. पुढे रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने भारतीय विद्यार्थ्याला नियमांची चौकट दिली. परकीय विद्यार्थ्याला नेमके कोठे अडते, हे ओळखून कोश रचण्याचे कार्य ए. एस. हॉर्नबी यांनी जपानात केले. १९४२ साली टोकिओत प्रथम निघालेला त्यांचा कोश १९४८ साली ऑक्सफर्डने स्वीकारला. कोणते नाम मोजता येते आणि कोणत्या क्रियापदापुढे कोणती रचना येते, हे त्यात सांगितलेले होते. हैदराबादेस १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी मध्यवर्ती संस्था निघाली. तीच आज इंग्रजी आणि परकीय भाषांचे विद्यापीठ म्हणून नांदत आहे. 'पोस्टपोन'च्या धर्तीवर घडलेल्या आणि भारतीयांत रूढ झालेल्या 'प्रीपोन' या शब्दाची एके काळी थट्टा होत असे. त्यालाही आता मोठ्या इंग्रजी कोशांत स्थान मिळाले आहे. सारांश, नियम हे वापराच्या मागून येतात; परंतु नवशिक्याने आधी रूढ वापर आत्मसात करावा, हेच श्रेयस्कर.

याकरिता विद्यार्थ्याने एक साधी वही ठेवावी. डाव्या पानावर आपले मराठी वाक्य, उजव्या पानावर त्याचे रूढ इंग्रजी रूप, आणि खाली दोहोंत फरक कोठे पडला याची एक ओळ. महिन्याभरात त्याच्या ध्यानात येईल की आपल्या चुका शेकडो नसून सात-आठच आहेत आणि त्याच वेष पालटून पुनः पुन्हा येतात. शिक्षकानेही वहीवर लाल रेघ ओढण्यापूर्वी त्या वाक्यामागचे मराठी वाक्य क्षणभर मनात उच्चारून पाहावे. ते ऐकू आले म्हणजे रेघेच्या जागी चार शब्दांचे स्पष्टीकरण लिहावेसे वाटेल, आणि मान खाली घालून बसलेला विद्यार्थी पुढची शंका विचारावयास धजेल.