पेशीचा उंबरठा आणि औषध



माझा धंदा मास्तरकीचा. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो. मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. कारण आज मी बोलणार आहे ते औषधाविषयी आणि कर्करोगाविषयी. कोणते औषध घ्यावे हे सांगणे माझे काम नाही. घेतलेले औषध शरीरातल्या पेशीत शिरते कसे, आणि शिरूनही कधीकधी काम का करीत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

हा प्रश्न मुळात माझा नाही, आमच्या काकूंचा आहे. माझ्या धाकट्या चुलत्यांना, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, मानेतल्या गाठींचा कर्करोग झाला. शहरातल्या रुग्णालयात नेले, शिरेतून औषधे दिली. दोन-तीन खेपांतच सुपारीएवढ्या गाठी विरघळल्या. आप्पा गावी आले, पेरणीला बांधावर उभे राहिले. वर्षभराने गाठी परत उठल्या. तीच औषधे पुन्हा दिली. पण या वेळी गाठी ढिम्म हलल्या नाहीत. आप्पा गेले. पुढे कितीतरी दिवसांनी काकूंनी मला एकट्याला गाठले आणि हळूच विचारले, "खरं सांग बाबा, दुसऱ्या खेपेला औषध खोटं दिलं का रे त्यांनी? मी पाटल्या मोडायला उशीर केला, पैसे कमी पडले, म्हणून?"

मी म्हणालो, "नाही काकू, औषध खोटं कसं असेल?" पण नुसत्या 'नाही' ने कोणाचे समाधान होते? आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही याहून अधिक काही सांगता आले नाही. मग पुस्तके काढून बसलो.

आपले सारे शरीर पेशींचे बनलेले आहे, हे शाळेतली मुलेसुद्धा सांगतील. पेशी इतकी बारीक, की एका मिलिमीटरात पन्नास-पाऊणशे ओळीने मांडाव्या लागतील. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो. मिलिमीटरचे एक लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढीही त्याची जाडी भरत नाही. पण एवढासा पापुद्रा सारा कारभार पाहतो. कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे, ते तोच ठरवतो. शिक्षक-बंधूंना आणि भगिनींना एक सोपा प्रयोग सुचवतो. बिटाच्या चकत्या करा, पाण्याने चांगल्या धुऊन घ्या. एक चकती गार पाण्याच्या पेल्यात टाका, एक कढत पाण्याच्या. गार पाणी बराच वेळ नितळ राहील. कढत पाणी मात्र पाहता पाहता तांबडे होईल, कारण उष्णतेने पापुद्रे मोडतात आणि आतला रंग मोकळा सुटतो. राखणदार असतो आणि तो मोडतो, या दोन्ही गोष्टी मुलांना डोळ्यांनी दिसतात. खर्च एका बिटाचा.

आता अडचण अशी, की जिवंत माणसाच्या गाठीत शिरून औषधाचे काय होते ते पाहायचे कसे? यासाठी पेशीच शरीराबाहेर काढून जगवावी लागते. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला मज्जातंतूचा कण लसीकेच्या एका लोंबत्या थेंबात ठेवला, आणि त्यातून तंतू वाढत जाताना पाहिला. तेथून या विद्येचा आरंभ धरतात. आज हे काम कसे चालते? एखाद्या सपाट बाटलीत साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि प्रथिनांचे घटक असलेले पाणी घालतात. त्यात बहुधा गर्भातल्या वासराच्या रक्ताची निवळ मिसळतात. ऊब सदतीस अंशांची, म्हणजे आपल्या अंगाएवढीच. पेशी बाटलीच्या तळाला चिकटतात, वाढतात, दाटी करतात. मग त्या सोडवून थोड्या थोड्या दुसऱ्या बाटल्यांत लावायच्या. आपण भाताची रोपे उपटून लावणी करतो ना, अगदी तसेच. फक्त येथे चिखलाला बंदी! एक जंतू शिरला की सारे पीक बुडाले.

पण माणसाच्या पेशी काही केल्या बाटलीत फार दिवस टिकत नसत. १९५१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची तीस वर्षांची काळी स्त्री आली. पाच मुलांची आई, तंबाखूच्या शेतात वाढलेली. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. तिच्या गाठीचा तुकडा जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि त्यातल्या पेशी थांबेचनात. दिवसागणिक दुप्पट होऊ लागल्या. हेन्रिएटाबाई त्याच वर्षी ऑक्टोबरात वारल्या. त्यांच्या पेशी 'हेला' या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. तुकडा घेतला, पण तो अशा कामासाठी ठेवू का, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. विज्ञानाचे ऋण कोणाकोणाचे असते, ते वर्गात सांगायला आपण विसरतो.

याच गे यांच्या प्रयोगशाळेत आपल्या पुण्याच्या कमल रणदिवे शिकून आल्या. हुजूरपागेच्या आणि फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९६० नंतरच्या दशकात त्यांनी पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली; या देशातली ती पहिली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आमच्या वर्गातल्या मुलींना सिनेमातल्या नट्यांची नावे तोंडपाठ असतात, हे नाव ठाऊक नसते. त्यात मुलींचा दोष मी मानीत नाही.

आता औषधाकडे वळू. आप्पांना दिलेल्या औषधांत एक व्हिन्क्रिस्टिन होते. ते सदाफुलीच्या पानांतून निघते. होय, आपल्या तुळशीवृंदावनाशेजारी बारमाही फुलणारी सदाफुली! ग्रॅमभर औषधाला काही शेकडो किलो वाळली पाने लागतात. तेव्हा कोणी पाने चावत बसू नये, ते विषच व्हायचे. दुसरी एक वनस्पती आपल्या रानात आहे, कळलावी. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचे जहाल द्रव्य असते. कांद्याच्या मुळाग्रातली गुणसूत्रे मोजताना आम्ही मास्तर मंडळी ते वापरतो. या दोन्ही द्रव्यांचे काम एकच. पेशी दुभंगताना आत जे बारीक दोर ताणले जातात, ते ही द्रव्ये जुळू देत नाहीत. मग पेशीचे दोन भाग होत नाहीत आणि ती मरते. कर्करोगाची पेशी सारखी दुभंगत असते, म्हणून तिच्यावर घाव जास्त बसतो.

कॅनडात टोरांटो येथे व्हिक्टर लिंग यांनी या कोल्चिसिनचाच प्रयोग केला. त्यांच्याकडे चिनी हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजकोशातल्या पेशी होत्या. बाटलीत थोडे कोल्चिसिन घातले. बहुतेक पेशी मेल्या, थोड्या तगल्या. तगलेल्या वाढवल्या आणि मात्रा चढवली. पुन्हा बहुतेक मेल्या, थोड्या तगल्या. असे करता करता विषाला दाद न देणारे वाण तयार झाले. कापसावर वर्षानुवर्षे एकच औषध फवारल्यावर बोंडअळीचे काय होते, हे आपल्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. औषध पातळ झालेले नसते. ज्या अळ्या मेल्या नाहीत त्यांचीच प्रजा शेतात उरलेली असते.

गंमत पुढेच आहे. या पेशींनी पाहिले होते एकटे कोल्चिसिन. पण त्या सदाफुलीच्या औषधालाही जुमानीनात, आणि ज्यांच्याशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता अशा आणखी काही औषधांनाही जुमानीनात. हे कसे? त्याआधी १९७३ साली कोपनहेगनला केल्ड डानो यांनी उंदराच्या गाठीच्या पेशींवर एक धागा धरला होता. निर्ढावलेल्या पेशींची शक्ती बंद पाडली, म्हणजे त्यांना जाळायला इंधनच मिळू दिले नाही, तर औषध आत साठत जाई. साखर दिली की पेशी पुन्हा औषध बाहेर लोटू लागे. म्हणजे औषध आत येतच नव्हते असे नाही. येत होते आणि उपसून बाहेर टाकले जात होते. विहिरीला झरा चांगला आहे, पण काठावरचे इंजिन रात्रंदिवस चालू आहे; मग तळच दिसायचा. १९७६ साली लिंग आणि ज्युलियानो यांनी ते इंजिनच पकडले. निर्ढावलेल्या हॅम्स्टर-पेशींच्या पापुद्र्यात एक मोठे प्रथिन भरमसाट आढळले. त्याला नाव दिले पी-ग्लायकोप्रोटीन. पुढे तेच माणसाच्या गाठींतही सापडले.

मग हे इंजिन काय कर्करोगानेच बनवले? नाही. ते आपल्या निरोगी आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत असतेच. खाण्यातून आलेले विष बाहेर टाकणे हे त्याचे काम. अॅम्स्टरडॅमला काही उंदरांत हे प्रथिन बनूच नये अशी योजना केली होती. उंदरांना गोचिडासारखी बारीक कीड लागली म्हणून त्यांच्यावर आयव्हरमेक्टिन फवारले. आपण गुरांना जंतावर, गोचिडावर देतो तेच. साध्या उंदरांना काही झाले नाही. हे इंजिन नसलेले उंदीर मेले. औषध त्यांच्या मेंदूत शिरले होते. १९९४ साली हे प्रसिद्ध झाले. अपघाताने कळलेली गोष्ट, पण केवढी मोलाची!

आतड्यातल्या या इंजिनाचा हिशेब घ्यायलाही बाटलीतल्या पेशीच कामी आल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून घेतलेल्या 'काको-टू' नावाच्या पेशी बारीक छिद्रांच्या जाळीवर वाढवल्या, तर सुमारे एकवीस दिवसांत त्यांचा एकसंध थर होतो आणि त्या लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागू लागतात. जाळीच्या वर आतड्याची बाजू, खाली रक्ताची. वर औषध घालायचे आणि खाली किती उतरले ते मोजायचे. मग उलट, खाली घालून वर किती येते ते मोजायचे. खालून वर जास्त येत असेल, तर समजावे की इंजिन त्या औषधाला माघारी लोटते आहे. त्याची गोळी घेतली, तर ते रक्तात कमी उतरण्याची शक्यता असते. १९८९ च्या सुमारापासून ही रीत रूढ झाली. दोन औषधे एकत्र आली की काय होते, तेही अशा थरांवर पाहतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याने सोबत व्हेरापामिल घेतले, तर डिगॉक्सिनचे रक्तातले प्रमाण वाढते, कारण ते बाहेर टाकणारे हे इंजिन व्हेरापामिल अडवते. डॉक्टर "आणखी कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारतात ते उगाच नव्हे. तेव्हा वैद्याचा काढासुद्धा लपवू नका.

तुम्ही म्हणाल, इंजिन सापडले, आता त्यात पाचर मारली की झाले! शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले. १९८१ साली जपानात त्सुरुओ यांनी याच व्हेरापामिलने निर्ढावलेल्या पेशींचा उपसा बंद पाडला आणि व्हिन्क्रिस्टिन पुन्हा लागू पडले. बाटलीत. रोग्यावर प्रयोग झाले तेव्हा कळले की पाचर बसण्याइतकी मात्रा द्यावी तर हृदयच मंदावते. पुढे अधिक नेमकी द्रव्ये शोधली. तीही रोग्यांवरच्या चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत. गाठीतले इंजिन बंद करावे तर आतड्या-यकृतातलेही बंद पडते आणि कर्करोगाचे औषध शरीरात तुंबते. शिवाय गाठीकडे पळवाट एकच नसते. अशी पाचर कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारात आजवर रुळलेली नाही. बाटलीतली पेशी खोटे सांगत नाही. पण तिला हृदय नसते, यकृत नसते, वय नसते. म्हणून वर्तमानपत्रात "प्रयोगशाळेत कर्करोग नष्ट" अशी बातमी आली, की मी आधी पाहतो, बाटलीतला की माणसातला?

या ज्ञानाचा उपयोग मात्र झाला. नवे औषध शोधताना इंजिन त्याला बाहेर टाकते का, हे आता आरंभीच पेशींवर तपासून घेतात. औषध रोग्याच्या शिरेत जाण्याच्या कितीतरी आधी ही परीक्षा होते. आपल्या राज्यात पुण्याला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या संशोधकांना तेथून पेशी मिळतात. शेतकऱ्याला बियाणे मिळावे तशा.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे सारे काकूंना सांगितले. ओसरीवर बसून, विहिरीचे आणि इंजिनाचे उदाहरण देऊन. आप्पांच्या गाठीत नेमके हेच झाले असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही, तेही सांगितले. त्यांच्या पेशी कोणी बाटलीत वाढवून पाहिल्या नव्हत्या. पण औषध खरे असूनही असे होते, पुष्कळांना होते, आणि पाटल्यांचा त्याच्याशी संबंध नसतो, एवढे मात्र ठामपणे सांगितले.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती पाच पोरांची आई सांगितलीस ना, तिच्या पोरांना कुणी सांगितलं का रे, आईच्या गाठीचं काय केलं ते?"

मी म्हणालो, "वीसेक वर्षं कुणी सांगितलं नाही."

"मग त्यांनी पण असंच काहीबाही मनात धरलं असंल," काकू म्हणाल्या.