जामीनदार कुठून आणायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



इंदूरच्या कोर्टात मी पस्तीस वर्षं वकिली केली. एवढ्या वर्षांत आपल्या लोकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच: "वकीलसाहेब, परवा पकडलेला गुंड आज सुटतोच कसा?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तराआधी थोडं मागे जाऊ.

ज्यांनी हा उत्सव सार्वजनिक केला त्या लोकमान्यांवर १८९७ साली राजद्रोहाचा खटला झाला. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला, उच्च न्यायालयानेही आधी नाकारला. मग अर्ज न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे आला. आरोपी खटल्याला हजर राहील का, हा त्यांनी मुख्य प्रश्न मानला आणि जामीन दिला. तेव्हा टिळकांची बाजू मांडणारे बॅ. दावर १९०८ साली स्वतः न्यायासनावर होते. टिळक पुन्हा आरोपी, बॅ. जिना त्यांच्यासाठी जामीन मागताहेत, आणि दावरांनी तो नाकारला! जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. पण खटला उभा राहीपर्यंत माणूस घरी असणार की कोठडीत, हे त्यावर ठरतं.

आता आपल्या मध्य प्रदेशातला खटला ऐका. मोतीराम नावाचा एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण इथल्या दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो चालेना. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. आपल्याच देशात माणूस दुसऱ्या जिल्ह्यात परका ठरतो का, हा त्या निकालातला सवाल. पिढ्यान्‌पिढ्या गावापासून दूर राहिलेल्या आपल्यासारख्यांना तो चटकन कळावा.

माझ्याकडची दोन प्रकरणं एकाच हंगामातली. एकाने शेजारणीला मारहाण केली होती. त्याच्या काकांनी जमिनीची ऋणपुस्तिका आणली आणि तिसऱ्या दिवशी तो घरी आला. त्या बाईंना कोणी कळवलंही नाही. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरच्या ओट्यावर तो बसलेला. दुसरा, मोबाईल चोरल्याचा आरोप असलेला मजुराचा मुलगा. जामीन मंजूर झाला, पण आई चार महिने जामीनदार शोधत फिरली. चार महिने तो आत!

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. गुंड सुटतो, कारण त्याला जामीनदार मिळतो. ऋणपुस्तिका माणसाची ऐपत सांगते, तो किती धोकादायक आहे ते सांगत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतले तीन अजून दोषी ठरलेले नव्हते.

काही जण म्हणतील, मग सगळ्यांना सोडायचं का? मुळीच नाही. त्या बाईंची भीती खोटी नव्हती. साक्षीदाराला धमकावणारा, पळून जाणारा आरोपी आतच हवा. पण कोर्टाने ते तपासावं, कारण लिहावं. पीडिताचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. त्या बाईंना दिलासा मिळाला तो पुढे आम्ही अर्ज करून 'आरोपीने मोहल्ल्यात पाऊल ठेवू नये' अशी अट घालून घेतली तेव्हा. ती अट पहिल्याच दिवशी घालता आली असती, आणि तिला पैसा लागत नव्हता.

कायदा थोडा पुढे सरकला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असा २०२३ चा आदेश आहे. गरीब कैद्याच्या जामिनासाठी मदत देणारी केंद्राची योजनाही आहे. अडतं कुठे? त्या आईला हे सांगणारं कोणी नसतं.

म्हणून मंडळाकडे एकच मागणं. आपल्यात निवृत्त वकील, बँकवाले, शिक्षक भरपूर आहेत. त्यातल्या चार जणांनी महिन्यातून एक दिवस विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात बसून अशा आयांचे अर्ज लिहून द्यावेत, आणि त्या शेजारणीसारख्या बायकांचेही. पहिलं नाव माझं लिहून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!