वाकलेल्या मानेचं बळ

पेरणीनंतर जोरदार सर यावी आणि लगेच कडक ऊन पडावं, याची मराठवाड्यातल्या आमच्या घरी मोठी धास्ती असे. मातीवर पापुद्रा धरतो आणि खालचा कोंब कोंडतो. अशा वेळी वडील काटेरी फांदी रानातून हलकेच ओढत. एका वर्षी दोन दिवस उशीर झाला. पापुद्रा उचलून पाहिला, तर सोयाबीनच्या कोंबांच्या माना मोडलेल्या! दुबार पेरणी करावी लागली.

हा कोंब मान वाकवूनच वर का येतो, ते मला पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं. १९०१ साली रशियात नेल्युबोव यांनी दाखवलं, की दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे अंधारातले वाटाण्याचे कोंब आखूड, जाड होतात आणि आडवे वाढतात. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं, की वाढीच्या वाटेत अडथळा आला, की कोंब स्वतःच जास्त इथिलीन तयार करतो. म्हणजे मातीचा दाब हाच त्याला मिळालेला निरोप! मग तो उंची आवरतो, जाड होतो आणि मान घट्ट वाकलेली ठेवतो. माती ढकलते ती मान. नाजूक शेंडा मागे सुरक्षित राहतो. उजेड लागला, की मान सरळ होते.

पण या बळालाही मर्यादा आहे. म्हणून शेतकरी बंधूंनो, पेरणीनंतर पाऊस उघडला, की रानात जाऊन माती बोटानं दाबून पाहा. पापुद्रा धरला असेल, तर तो वेळीच मोडा. पुढचं काम कोंब करतो.